चवथीचा गूळ

६ जुलै, रविवार

आणि तरीही बाबांचं तेच. गेल्या चवथीला दुकानातला गूळ संपला तो मी पळालो म्हणून, त्यांनी वेळेत मागवला नाही म्हणून नव्हे! मी तेव्हा पुण्याला हॉटेलात भांडी उचलत होतो. तिथे बसून मी परबवाडीतला गूळ कसा संपवला ते त्यांनाच ठाऊक.

आज फोनवर परत सांगून बघितलं. म्हटलं, माल संपल्यावर मागवायचा नसतो. कुडाळहून यायला चार दिवस लागतात ना, मग चार दिवसांचा हातात असतानाच सांगायचं. बाबा म्हणाले, "तू माका दुकान शिकव. तीस वर्सा मी हयसर झक मारलंय काय?" मी म्हटलं, मारली नसती तर लोक गुळासाठी कट्टा गावच्या मार्टमध्ये कशाला गेले असते? त्यावर आईने फोन काढून घेतला. "झीला, जेवलंस?"

आमच्या घरात भांडण अर्ध्यावर आलं की कोणीतरी जेवणाचं विचारतं. त्यामुळे एकही भांडण आजवर संपलेलं नाही.

ही डायरी कंपनीची. दिवाळीला मिठाईऐवजी दिली होती. नववीत शाळा सोडल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. पण खोलीत शिवा आहे तो रायचूरचा, त्याला मालवणी कळत नाही, मला त्याचं कानडी. कोणाशी तरी भांडायला पाहिजे.

१० जुलै, गुरुवार

होसकोट्याचं हे गोदाम एवढं आहे की आमची वाडी देवळासकट आत मावेल, वर शेताला जागा उरेल. बंगळूर म्हणतात याला, पण बंगळूर मी अजून बघितलेलं नाही. पत्रा, फळ्या, खोकी, बारकोड.

आज माल उतरवताना प्रभाकरनसाहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं. ते आमचे इनचार्ज. हिंदी तोडकी बोलतात, त्यामुळे मला नीट कळते. म्हणाले, प्रत्येक मालाला एक रेघ असते. शिल्लक त्या रेघेखाली गेली की मागणी जायलाच पाहिजे. रेघ कुठे मारायची? रोज किती खपतो, माल यायला किती दिवस लागतात, त्याचा गुणाकार, आणि वर थोडा राखीव.

मी विचारलं, राखीव कशाला?

म्हणाले, माणसं सांगून येत नाहीत म्हणून.

मला तिथेच बाबा दिसले. बाबांची रेघ म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक विचारणार, "दाजी, गूळ आसा?" मग बाबा डब्यात वाकून बघणार आणि म्हणणार, "परवा ये." परवा ते गिऱ्हाईक मार्टमध्ये थंड हवा खात असतं.

१३ जुलै, रविवार

धाकट्या बहिणीने, तेजूने, मोबाइलवर दुकानाच्या सगळ्या फळ्या दाखवल्या. बारावीला आहे, पण माझ्यापेक्षा शहाणी. मागच्या रांगेत गेल्या दिवाळीच्या अगरबत्त्या निघाल्या, पुढे नव्या. तिला म्हटलं, जुना माल पुढे आण, नवा मागे सरकव. आधी आलेला आधी गेला पाहिजे, नाहीतर मागचा तिथेच मरतो. तिने सगळं फिरवलं. संध्याकाळी बाबांनी परत होतं तसं केलं.

"जुनो फुडे लावलंय तर लोक म्हणतले, दाजीकडे जुनोच माल मिळता."

"अहो, पण तुमच्याकडे जुनोच मिळता!"

"पण दिसूक कित्याक व्हयो?"



मग खरं बोलणं झालं. कट्ट्याच्या मार्टवाल्याला रस्त्यावर गोदामाला जागा पाहिजे आहे. आई म्हणते दुकान देऊन टाका, महिन्याच्या महिन्याला भाडं तरी येईल. मी म्हटलं ही एक चवथ मला द्या. आमच्या दुकानाचं वर्ष चवथीवर आहे. मुंबईचे चाकरमानी येतात, घरोघर गणपती, रोज रात्री भजनं, प्रत्येक घरात भजनकऱ्यांना काळ्या वाटाण्यांची उसळ आणि चाय. चवथ नीट खपली तर दसऱ्याला नोकरी सोडून येतो आणि दुकानात बसतो. कायमचा. नाही खपली तर मार्टवाल्याला जागा देऊया, मी पुन्हा विषय काढणार नाही.

बाबा म्हणाले, "बरा."

त्यांच्या 'बरा'चा अर्थ काहीही होऊ शकतो. पुण्याला जातो म्हटलं तेव्हाही 'बरा' म्हणाले होते.

२० जुलै, रविवार

चवथीला किती गूळ लागेल एवढंच विचारलं होतं. गेल्या वर्षी किती आणला, तो कधी संपला. सरळ प्रश्न.

"आबा चार दिस बाकड्यार येवक नाय," बाबा म्हणाले.

गंगारामआबा म्हणजे आमच्या भावकीतले सगळ्यांत म्हातारे. नव्वदीच्या पुढे असतील. माझ्या आठवणीपासून ते रोज सकाळी आमच्या दुकानाच्या बाकड्यावर येऊन बसतात, तंबाखू मळतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालतात. मला तर विशेष. "काय रे गुर्या, आज खंयची नोकरी सोडलंस?" असं विचारायचे. खरं तर त्यांच्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं दुकानात थांबतच नसतील.

मी म्हटलं, आबांचं राहू दे, गुळाचं सांगा.

"गूळ काय, घेवया. वायच थांब."

२७ जुलै, रविवार

"आबान तंबाखू सोडल्यान," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, चांगलं झालं, एक आयटम कमी.

बाबा हसले नाहीत. नाहीतर अशा गोष्टीला ते हसतात. माझ्या आधी हसतात.

३ ऑगस्ट, रविवार

दोन रविवार आणि मधल्या सगळ्या संध्याकाळी हिशेब केला. आळशी म्हणतात ना मला? तेजूला घरोघर पाठवलं. कोणाकडे किती दिवसांचा गणपती, मुंबईहून किती माणसं येणार, गाड्यांची तिकिटं मिळाली का. वाडीत बावन्न गणपती. त्यातले चव्वेचाळीस आमच्या परब भावकीचे. गेल्या वर्षी सगळे चाकरमानी आले नव्हते, यंदा सगळे येतायत. मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेत सगळ्यांच्या मूर्ती सांगून झाल्या. म्हणजे मागणी पक्की. गोदामात यंत्र नुसता गेल्या वर्षीचा आकडा बघतं. मी माणसं मोजली आहेत.

गूळ, मोदकांची पिठी, रवा, काळे वाटाणे, वेलची, तेल, कापूर, वाती, अगरबत्ती, मखराला चमकीची तोरणं आणि लायटीच्या माळा. मागच्या वर्षी संपलं ते यंदा संपता कामा नये. वर राखीव.

सगळं वाचून दाखवलं. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "आठ दिस थांबूया."

"कित्याक? शेवटच्या आठवड्यात कुडाळातच माल मिळणा नाय, गेल्या वर्सासारख्या जायत."

"थांबूया रे. आबा आता पेज पन घेणा नाय. दोन चमचे घेता आणि तोंड फिरयता."

मी काय विचारतोय आणि हा माणूस काय बोलतोय! एवढी वर्षं वाडीच्या लोकांची पेज मोजली, म्हणून तर दुकान असं झालं. मी सरळ विचारलं, मी दुकानात आलेलो तुम्हाला नको आहे का? तसं सांगा.

 बाबा म्हणाले, "तू येतलंस काय नाय, ता सांग आधी."

मी म्हटलं, तेच तर इतके दिवस सांगतोय! माल भरला तर येणार.

आई आली. जेवलंस?

५ ऑगस्ट, मंगळवार

मीच सांगून टाकला माल. कुडाळच्या एजन्सीचा दत्तप्रसाद लहानपणापासून ओळखीचा, क्रिकेटला बरोबर असायचा. एवढी ऑर्डर ऐकून म्हणाला, "दाजी येडो झालो काय?" मी म्हटलं, दाजी नाही, त्याचा झील. हसला. म्हणाला, "स्कीमचो माल आसा, परत घेवक जमाचा नाय हां गुर्या. नंतर रडा नको." मी म्हटलं, रडतील मार्टवाले.

परत यायचं म्हणून वर्षभर बाजूला टाकत होतो ते सगळे पैसे त्याला पाठवले. बाबांना सांगितलं नाही. माल दारात आला की कळेलच. दारात आलेला माल ते परत पाठवणार नाहीत, तेवढी त्यांना लाज आहे.

फार हलकं वाटतंय. शिवाला चहा पाजला. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही, तरी प्यायला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

राख्या परत आल्या. मालाचे जाळीचे पिंजरे भरभरून, सगळ्या दुकानांतून न खपलेल्या. गेल्या आठवड्यात ह्याच राख्यांसाठी साहेब आमच्यावर ओरडत होते, लवकर भरा, लवकर भरा. आज त्यांना हात लावायला कोणी नाही. मागच्या भिंतीजवळ एक गल्ली आहे, तिला आम्ही मसणवट म्हणतो. न विकणारा माल तिथे जातो. मी दिवसभर राख्या तिथे नेऊन टाकल्या.

साहेब म्हणाले, सणाचा माल सणाच्या आदल्या दिवशी सोनं, दुसऱ्या दिवशी केर. म्हणून सण कधी आहे तेवढं विचारू नका, सण होणार का तेही विचारा.

लॉकडाउनची गोष्ट सांगत असतील. चवथ आमच्याकडे दरवर्षी होते.

१७ ऑगस्ट, रविवार

माल पोचला. तेजूने फोटो पाठवले. दुकान ओळखू येत नाही. गुळाच्या ढेपी छतापर्यंत, वाटाण्यांची पोती, दारात चमकीची तोरणं लटकवलेली, पावसात पण चमकतायत. एका फोटोत बाबा आहेत. ढेपीवर हात ठेवून उभे आहेत, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

मी तयारच होतो शिव्या खायला. फोन केला तर म्हणाले, "माल बरो आसा. गूळ कोल्हापुरी आसा."

बस. एवढंच.

म्हटलं, बघितलंत? घाबरत होता उगाच. म्हणाले, "हां." मग म्हणाले, "रजा गावली?" मी म्हटलं मिळाली, पंचवीस तारखेच्या बसचं तिकीटसुद्धा काढलं, सावंतवाडीला उतरतो. तिकडून मागे आईला सांगताना ऐकू आलं, "येता म्हणता गो. पंचवीसाक." आईने काहीतरी विचारलं. "खराच सांगतंय. तिकीट काढल्यान."

आई फोनवर आली. आबांच्या मुलाला मुंबईहून बोलावून घेतलंय म्हणाली. मी म्हटलं, चवथीला येणारच होता, आठ दिवस आधी आला. तेवढंच एक घर जास्त दिवस वाणसामान नेईल.

आईने ह्यावेळी जेवणाचंसुद्धा विचारलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आबा गेले. सकाळी.

तेजूचा मेसेज आला तेव्हा मी ट्रकात होतो. वाचला आणि खोकी उतरवत राहिलो. चार-पाच खोकी उतरवल्यावर हात थांबले. चवथ सत्तावीसला. सुतक दहा दिवस. आज धरून मोजलं, मग उद्यापासून मोजलं. कसंही मोजलं तरी चवथ मध्येच सापडते.

भावकीत एक गेला की सगळ्या भावकीला सुतक. चव्वेचाळीस घरं. एकाही घरात गणपती येणार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

काल बाबांनी फोन उचलला नाही. ते तिकडे स्मशानात होते. आज उचलला.

मी म्हटलं, उरलेली आठ घरं तरी आहेत ना, मेस्त्री आहेत, बाजूच्या वाड्या आहेत. दुकान उघडं ठेवा. बाबा म्हणाले, "सुतकातल्या घरचो गूळ देवाक कोण घेयत रे?"

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. घरं मोजली, माणसं मोजली, तिकिटं मोजली. आमचं घरही त्या चव्वेचाळीसांतलं आहे हे मात्र मोजलं नाही.

मग मी जे बोललो ते लिहितो, कारण बोललो. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तंबाखू सोडली, पेज घेत नाही, हे सगळं तुम्ही मला सांगत होता. मग एकदा सरळ का नाही सांगितलं? एक वाक्य! आबा चवथीपर्यंत काढणार नाहीत, माल कमी घे. एवढं बोलायला काय झालं होतं?

"आणि कसा सांगू?" बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "आबा रोज विचारी, दाजी, गुर्या चवथीक येता मां? त्येच्या सुक्या ओठांर तूप लावून घराक येवचा आणि तुका फोनार सांगाचा, म्हातारो मरतलो, गूळ कमी धाड? जित्या माणसाच्या मरणाचो हिशेब मी करूक नाय गुर्या. तू दुकानात बसतलंस तर तू कर."

मी फोन ठेवला. नंतर वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आकडा कमी केला असता. तेजूला विचारलं असतं, आज आबा किती चमचे प्यायले. आणि मग चवथीपर्यंत काढले असते आबांनी तर चिडलो असतो, माल कमी पडला म्हणून.

चिडलो असतोच.

२४ ऑगस्ट, रविवार

चाकरमानी तिकिटं रद्द करतायत. आबांच्या जवळचे आले आणि गेले, बाकीचे म्हणाले बाराव्याला येऊ. गणपतीच्या शाळेत आमच्या भावकीच्या मूर्ती रंगवून तयार, पाटावर ओळीने बसलेत. पुढचं भटजी सांगतील तसं. तेजूने फोटो पाठवला होता, मी पुरता उघडला नाही.

दत्तप्रसादला फोन केला. म्हणाला, "गुर्या, मी तुका आधीच सांगलंय." खरं आहे, सांगितलं होतं. कट्ट्याच्या दोन दुकानदारांना विचारलं, त्यांच्याकडे पण भरलेला माल. एक म्हणाला, चवथ झाल्यावर बघू, अर्ध्या भावाने.

तेजूला म्हटलं, बाबांनी निदान माल दारात आल्यावर तरी परत पाठवायचा होता.  ती म्हणाली, "दादा, तुका एक सांगतंय, रागवा नको. माल येवच्या आधी दत्तप्रसादान बाबांक फोन केल्यान. खात्री करूक. इतको माल, तुमका म्हायत आसा मां, म्हणान.  बाबा म्हणाले, झिलान सांगल्यान ना, मगे धाड."

"तेव्हा आबा कसे होते?"

"उठाक येय नाय होता."

म्हणजे त्यांनी स्वतः हो म्हटलं. सगळं दिसत असताना हो म्हटलं. मग चूक एकट्या माझी नाही, निम्मी त्यांची आहे. मी तेजूला तसं म्हटलं. तेजू म्हणाली, "तू खराच नववी नापास आसस," आणि फोन कापला.

मी नापास नाही. मी शाळा सोडली.

२५ ऑगस्ट, सोमवार

साहेबांना सांगितलं, रजा नको. सणाची गर्दी आहे, माणसं कमी आहेत, ओव्हरटाइम मिळतो. त्यांनी विचारलं, गावी सण नाही का? म्हटलं, नाही. यंदा नाही. त्यांनी माझ्या वाढलेल्या दाढीकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याकडेही सुतक पाळत असतील.

घरी कळवलं. आई म्हणाली, "ये रे. दुकान काय, माणसा काय दुकानासाठीच येतत?" मी म्हटलं, येऊन काय करू, बंद दुकानात बसू? मागून बाबांचा आवाज आला, "रवांदे गो. त्येका काम असात."

२७ ऑगस्ट, बुधवार

चवथ.

गोदामात दारापाशी गणपती बसवला. इथली पोरं दोन दिवस वर्गणी मागत होती. मी दिली, पण लांबूनच. आरतीला सगळे गेले. साहेब, शिवा, सिक्युरिटीवालेसुद्धा. टाळ्यांचा आवाज पत्र्यावर एवढा घुमतो की आरती कानडी आहे का मराठी ते कळत नाही. मी मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो, मसणवटीत. राख्या अजून तिथेच आहेत. ओल लागून त्यांचा रंग सुटलाय, खोकी खाली गुलाबी झालीत.

शिवा प्रसाद घेऊन आला. मी हात मागे घेतला. त्याला वाटलं राग आहे. खुणेने सांगितलं, घरात कोणीतरी गेलं. "अप्पा?" त्याने विचारलं. बाप, एवढं कानडी मला कळतं. नाही म्हटलं. मग त्याला कसं सांगू, कोण. बाकड्यावर बसणारा माणूस, याला कानडीत काय म्हणतात?

त्याने प्रसाद खिशात घातला आणि माझ्याबरोबर उभा राहिला. आरती संपेपर्यंत.

घरी फोन केला नाही. आज वाडीत एकही भजन नसेल. एवढ्या शांततेत पाऊस कसा ऐकू येत असेल, ते मला माहीत आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

आबांचं बारावं झालं. वड्यांबरोबर सांबाऱ्याला काळे वाटाणे आमच्या दुकानातले. गूळ आमचा. तेल आमचं. तेजू म्हणाली, बाबांनी दोन पोती स्वतः खांद्यावरून नेली, कोणाला हात लावू दिला नाही. मी विचारलं, पैसे? ती म्हणाली, "मेल्या घरात मागतंत काय? बाबा म्हणाले, आबांका चवथीची उसळ व्हयीच होती."

मी भजनांना म्हणून मागवलेले वाटाणे होते ते. माणसं तीच जेवली. आकडा तसा चुकला नव्हता.

४ सप्टेंबर, गुरुवार

गूळ पाघळतोय. पावसाळ्यात एवढा गूळ कोणी धरत नाही, रोज जातो म्हणून चालतं. खालच्या ढेपी मऊ पडून रस जमिनीवर आलाय, दुकानभर मुंग्या. बाबा रोज सकाळी पुसतात, दुपारपर्यंत परत चिकट. पिठीत टोके, किडे झाले. तोरणं पुढच्या वर्षापर्यंत टिकतील असं तेजू म्हणते. पुढच्या वर्षी ती कुठल्या दारावर लावणार?

तिला म्हटलं, जुना माल पुढे लाव. ती म्हणाली, "दादा, सगळोच जुनो आसा."

७ सप्टेंबर, रविवार

मार्टवाला येऊन जागा मोजून गेला. पुढच्या महिन्यापासून त्याचं गोदाम. आमच्या फळ्या त्याला नको आहेत, तो लोखंडाच्या लावणार. चावी बाबांकडेच राहणार. गाडी आली की दार उघडायचं, खोकी मोजून घ्यायची, बंद करायचं. त्याचेही थोडे पैसे देणार आहे. म्हणजे बाबा तिथे जे करणार तेच मी इथे करतो.

बाकडं तेवढं बाहेर ठेवायला त्याने हरकत घेतली नाही. सकाळी बाबा तिथे बसतात, तेजू सांगते. लोक अजून सवयीने विचारतात, "दाजी, गूळ आसा?" बाबा म्हणतात, "आसा, व्हयो तितको ने."

आज त्यांच्याशी बोललो. कितीतरी दिवसांनी. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं आणि त्यांच्याकडेही. मी शेवटी विचारलं, "जेवलास?" बाबांना मी असं कधी विचारलं नव्हतं, एकेरीतही कधी बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. 

"जेवलंय," म्हणाले. मग म्हणाले, "दसऱ्याक येतलंस?"

चवथ नाही खपली. ठरलं होतं तसं मी पुन्हा विषय काढलेला नाही. त्यांनीच का काढला, कळत नाही. दुकान नाही, मग येऊन बसायचं कुठे. मी म्हटलं, बघूया.

"बरा," म्हणाले.

बसच्या तिकिटाचे निम्मेच परत मिळाले. ते आणि ओव्हरटाइम धरून, खोलीचं भाडं आणि खानावळ सोडून जेवढं राहतं तेवढं उद्या आईच्या नावावर टाकतोय. सात हजार चारशे.